मेंगाणे आणि ‘वरीलप्रमाणे’

मेंगाणेला नुसता आकडा सांगितलेला चालत नसे. आमची ही स्वयंपाकघरातून विचारायची, “भावजी, दोन घालू का?” की बाहेरच्या खोलीतून उलटा सवाल यायचा, “दोन काय?”

“चमचे.”

“कशाचं?”

“साखरेचे. आणखी कशाचे घालतात चहात?”

“मग मथळा सांगायचा की वहिनी. नुसतं दोन म्हंजे काय बी असतंय.”

यावर हिने त्याला पुष्कळदा बिनसाखरेचा चहा दिला आणि त्याने तो मुकाट्याने प्यायला. मंडईत एका भाजीवालीने मेथीच्या पेंडीला “पाच” म्हटलं, तर याने तिलाही “पाच काय?” विचारलं. ती म्हणाली, “पाच फटकं. किती बांधू?” मी शेजारीच उभा होतो. हा माणूस माझ्या ओळखीचा नाही असं दाखवत मी कोथिंबीर निवडू लागलो.

हा विश्वास मेंगाणे कित्येक वर्षं जवळजवळ रोज माझ्या घरी येत असे. आता तो नाही. मी त्याला खूप हसलो, दुसऱ्यांना हसवलं, आणि एक गोष्ट तर त्याच्या नावावर इतक्या वेळा चुकीची सांगितली की आता ती गावात खरी होऊन बसली आहे. मी ऐंशी ओलांडली. ती गोष्ट तशीच मागे ठेवून जाणं बरं नव्हे, म्हणून हे लिहितो. लिहिताना त्याने दिलेला वैताग आठवून अजूनही डोकं तापतं, हेही खरं.

मेंगाणे मूळचा छापखान्यातला. नव्वदीच्या सुरुवातीला मी एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक होतो आणि आमच्या निकालाचे तक्ते त्याच्या हातून छापून येत. शिशाचे खिळे जुळवून तक्ता बांधायचा हे किचकट काम. उभ्याआडव्या रेघांच्या पितळी पट्ट्या कापून बसवायच्या, त्यातली एक सरकली की सगळा निकाल तिरका. तक्त्याचं काम आलं की बाकीचे जुळारी आजारी पडत. मेंगाणे मात्र त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायचा विसरे.

एका वर्षी निकालाची सकाळ उजाडली, पोरं शाळेच्या फाटकाशी जमली आणि तक्त्यांचा पत्ता नाही. मी सायकल दामटत छापखान्यात गेलो. मेंगाणे स्टुलावर शांत बसला होता.

“सर, ह्या शेवटच्या रकान्याला नाव न्हाई.”

“अरे, तो शेऱ्याचा रकाना. सगळ्यांना माहीत असतं.”

“मला न्हवतं.”

“मग ‘शेरा’ छापून टाकायचंस.”

“तुम्ही सांगितल्याबिगर कसं छापू? रकाना तुमचा हाय.”

पुढे खिळ्यांचे छापखाने बसले. चाळिशीला आलेला मेंगाणे राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या क्लासात मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या शेजारी जाऊन बसला. पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांना विचारलं म्हणे, “ह्यात तक्ता कुठनं करायचा?” बाकी काही शिकण्याची त्याला उत्सुकता नव्हती. तक्ता सापडला आणि त्याचं शिक्षण पुरं झालं.

त्याच्या डोक्यात सगळं जग ओळी आणि रकान्यांत मांडलेलं असायचं. मिसळ खायला गेलो की तो फरसाण, कट, कांदा आणि पाव चार भांड्यांत वेगवेगळे मागवी आणि एकेक घास क्रमाने खाई. हॉटेलमालक एकदा हात जोडून म्हणाला, “पावणं, मिसळ म्हंजे मिसळायचीच असत्या.” मेंगाणे म्हणाला, “एकदा कालवल्यावर परत कांदा कांदा कसा म्हणून येगळा लावणार?” त्यानंतर त्या हॉटेलात मी एकटा जाऊ लागलो.

निवृत्त झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र काढलं. जन्मभर पोरांचे निकाल लावले, आता लग्नं लावावीत असा विचार. एक जाडजूड वही केली आणि त्यात ओळीने स्थळं लिहिली: नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, उत्पन्न, गाव, अपेक्षा. माझं अक्षर चांगलं आणि सवय सरकारी. एकाच गावाची चार स्थळं लागोपाठ आली की पहिल्यापुढे गावाचं नाव लिहायचं आणि खालच्या तिघांपुढे ‘वरीलप्रमाणे’. हात वाचतो आणि पान देखणं दिसतं. ही सवय ध्यानात ठेवावी.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. कोल्हापुरात तेव्हा ज्याच्यात्याच्या तोंडी वेबसाइट होती. चपलांच्या दुकानालाही वेबसाइट, मग लग्नांना का नसावी? मी मेंगाणेला बोलावलं आणि माझी कल्पना सांगितली. वहीच्या पानांचे फोटो काढायचे आणि तेच वेबसाइटवर टाकायचे. दोन दिवसांचं काम.

त्याने वही चाळली, मिटली आणि म्हणाला, “चित्रातल्या म्हशीची धार निघत न्हाई, सर.”

“म्हणजे?”

“हे तक्त्याचं चित्र हुईल. तक्ता न्हवं. मला उंचीप्रमाणं लावून दाव म्हटलं तर चित्र काय करंल? जागचं हलंल का?”

“पण लोक वाचतील ना?”

“कोण लोक?”

हे शब्द त्याच्या तोंडून निघायला आणि सुमन नाईक दारात यायला गाठ पडली असं मी पुढे रंगवून सांगत असे. तसं काही नव्हतं. ती आली पुढल्या आठवड्यात, भावाबरोबर. मेंगाणे तेव्हा कोपऱ्यात माझ्या प्रिंटरचं पोट उघडून बसला होता.

सुमन एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती. तिशी उलटलेली, नीटस साडी, बोलणं खणखणीत. लहानपणी गोवर झाला त्यात तिची नजर गेली होती. भाऊ तानाजीराव शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला, मूळ गाव नेसरी. माणूस वाईट नव्हता. बहिणीला त्याने शिकवलं होतं, सांभाळलं होतं, आणि आता तिचं एकदाचं चांगलं होऊ दे म्हणून तो घाईला आला होता. बिद्रीच्या साखर कारखान्यातला एक बिजवर त्याने मनात पक्का केला होता. पर्मनंट नोकरी, क्वार्टर, दोन मुलं.

“बाकीची बी स्थळं वाच की दादा,” सुमन म्हणाली.

तानाजीराव माझी वही मांडीवर घेऊन वाचू लागला. थोड्या वेळाने सुमन म्हणाली, “दादा, पान दोनदा उलटलंस. वाचलंस एकदाच.”

“चिकटलं हुतं ते.”

“मग त्येच्या आधीचं बी चिकटलंच असंल.”

तानाजीराव चिडला. “सुमे, अगं कायबाय स्थळं असत्यात. विनाअनुदानित मास्तर, पगाराचा पत्ता न्हाई, असली कशाला वाचायची? मी काय तुझ्या वाइटावर हाय?”

“न्हाईस. पर नवरा मला करायचाय. समदी यादी माझी मला ऐकू दे. मग तुझ्या बिद्रीकराला हो म्हणायचं तर म्हणीन.”

“कोण वाचून दावणार तुला समदी?”

कोपऱ्यातून मेंगाणे म्हणाला, “बँकेत तुमच्याकडं बोलणारं मशीन हाय का?”

होतं. बँकेने तिला पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर दिला होता आणि ती तो सराईतपणे चालवायची. “पर तक्ता आला की घोळ हुतोय,” ती म्हणाली. “आमच्याच बँकेच्या व्याजाचा तक्ता. मशीन म्हणतंय सहा, साडेसहा, सात. आता सहा कशाचं? एक वर्षाचं का पाच वर्षांचं? म्हाताऱ्यांचं का सगळ्यांचं? मथळं एकदा वरच सांगून मोकळं हुतंय. मग नुसतं आकडं.”

मेंगाणेचा हात प्रिंटरच्या पोटात तसाच राहिला. रकान्यांच्या नावांचं वेड त्याला आधीपासून होतंच, पण ‘मथळा सांगा की’ हा आजार त्या दिवशीपासून जडला. आमच्या हिच्या साखरेपर्यंत तो त्यानंतर पोचला.

ठरलं ते असं: तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, तोवर तानाजीराव बिद्रीला थोपवून धरणार. त्याआधी मेंगाणेने सुमनला स्वतः वाचता येईल असा तक्ता करायचा. नाही झाला तर ती मुकाट्याने बिद्रीला हो म्हणणार. मलाही वेबसाइट सराईच्या आधीच हवी होती. मी म्हटलं, बरं झालं, मेंगाणेला मुदत मिळाली.

मुदतीचा मेंगाणेवर काय परिणाम होणार? दर शनिवारी बँक अर्धा दिवस सुटली की सुमन रिक्षाने आमच्याकडे यायची, मेंगाणेने माझ्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या तसल्याच बोलणाऱ्या मशीनचे हेडफोन कानाला लावून तक्त्याची परीक्षा घ्यायची आणि मेंगाणेला नापास करून जायची. मी चाळीस वर्षं परीक्षा घेतल्या, पण इतक्या आनंदाने नापास होणारा विद्यार्थी बघितला नाही.

पहिली भानगड भाषेची. मराठी फॉन्टमधलं तिच्या मशीनला वाचता येईना, ते नुसतं खरवडल्यासारखे आवाज काढी. मग मेंगाणेने सगळा तक्ता पुन्हा इंग्रजी अक्षरांत बसवला. मशीन गोऱ्या साहेबासारखं मराठी बोलू लागलं. बिद्रीचं त्याने ‘बिड्राय’ केलं. सुमन हसून म्हणाली, “दादाचा पावणा फॉरेनला गेला.”

मग उंची. मथळ्यावर टिचकी मारली की सगळी स्थळं त्या रकान्याप्रमाणे लागणार, असा तो तक्ता होता. मी कौतुकाने उंचीवर टिचकी मारली. पाच फूट एकच्या मागोमाग पाच फूट दहा आलं, त्याच्यामागे पाच फूट अकरा, आणि मग पाच फूट दोन. आमची ही चष्मा लावून बघत होती. “ह्या शिडीएवढ्या पोरी बुटक्यांत कशा बसल्या?” तिने विचारलं. यंत्र आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतं, दहातला एक त्याला दोनाच्या आधी दिसतो, असं मेंगाणेने तिला सविस्तर समजावलं आणि सगळ्यांची उंची इंचांत काढायला बसला. ज्यांची वहीत नीट नव्हती त्यांच्या घरी फोन लावून तो विचारी, “तुमची मुलगी किती इंच हाय?” त्या आठवड्यात तीन बापांनी मला फोनवरून झापलं.

मग माऊस. सुमन माऊस वापरत नसे, त्यामुळे प्रत्येक मथळा टॅबच्या बटणाने सापडला पाहिजे आणि एंटरने लागला पाहिजे. तेही जमलं. मग ती म्हणाली, “लागलं, पर लागलंय हे मला कोण सांगणार? चढतं लागलंय का उतरतं?” मग मशीनने तेही बोलायचं ठरलं. मग ज्यांची लग्नं ठरली त्यांच्या ओळी मी हौसेने लाल करून घेतल्या होत्या. सुमन म्हणाली, “लाल मला आठवतंय, पर ऐकू येत न्हाई.” लाल गेला आणि ‘ठरले’ असा नवा रकाना आला. मग रिकाम्या जागा. उत्पन्न कुणी सांगितलं नसेल तर मी ती जागा कोरी सोडत असे. कोरं आलं की मशीन गप्प, आणि सुमनला वाटे ते अडकलंच. मेंगाणेने तिथे ‘सांगितलेले नाही’ असं घातलं. वीस-बावीस नवरदेवांच्या पुढे ‘उत्पन्न: सांगितलेले नाही’ असं माझ्या पडद्यावर दिसतं हे कानी पडून त्यांचे बाप धावत आले आणि भराभर उत्पन्नं सांगून गेले. हा एक फायदा झाला, हे मान्य केलं पाहिजे.

दर शनिवारी दोघांची भांडणं चालत. ती म्हणायची, “मेंगाणे, तुमच्या तक्त्याला वरनं नाव न्हाई. कशाचा तक्ता हाय हे शिरायच्या आधी कळाय नको?” तो म्हणायचा, “मागल्या शनवारी का बोलला न्हाईसा?” ती म्हणायची, “मागल्या शनवारी तुमचं दुसरं चुकलं हुतं.” मला वाटायचं, हे संपावं आणि माझी खोली मला परत मिळावी.

दिवाळी झाली. तक्ता सुमनच्या पसंतीला जवळपास उतरला होता. मी म्हटलं, उद्या सुरू कर. मेंगाणे माझी वही घेऊन समोर उभा.

“सर, हे वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे लई ठिकाणी हाय.”

“मग? वरच्यासारखंच. लोकांना कळतं.”

“वरील म्हंजे कोण?”

“वरचा माणूस.”

“पर सर, लावलं की वरचा माणूस बदलतोय की.”

मला खरंच समजलं नाही. समजून घ्यायची इच्छाही नव्हती. त्या अनेक महिन्यांत त्या माणसाने माझं इतकं डोकं खाल्लं होतं की हे त्याचं आणखी एक खूळ वाटलं. प्रत्येक स्थळाचं गाव पुन्हा भरायला त्याला आठवडा हवा होता. मी म्हटलं, “मुख्याध्यापक मी आहे. उद्या सुरू.” निवृत्त होऊन मला चार-पाच वर्षं झाली होती.

वेबसाइट सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी जयसिंगपूरच्या एका उंच मुलाच्या बापाने कुठल्याशा सायबर कॅफेत बसून मुलींचा तक्ता उंचीप्रमाणे लावला, वरची एक पाटलांची मुलगी निवडली आणि तिचं गाव बघितलं. ‘वरीलप्रमाणे’. तिच्या वर नेसरीची मुलगी होती. ही मुलगी वहीत बिद्रीच्या खाली होती, पण उंचीने तिला उचलून नेसरीच्या खाली नेऊन बसवलं होतं. मंडळी जीप करून नेसरीला गेली. नेसरीत पाटलांना काय तोटा? कुणीतरी एका घराकडे बोट दाखवलं. घरचा माणूस भला होता. पाहुणे आले म्हणून त्याने बसवलं, पोहे दिले. पोहे संपल्यावर मुलाच्या बापाने “मुलीला बोलवा” म्हटलं, तेव्हा आतून आठवीतली पोरगी शाळेचं दप्तर घेऊन बाहेर आली. पुढचं मी फोनवर ऐकलं, दोन्ही बाजूंकडून, एकापाठोपाठ.

“कॉम्प्युटरवाल्याने घोळ केला हो,” मी दोघांनाही सांगितलं. “त्याला कळतच नाही. किती सांगायचं?”

मेंगाणे खोलीतच होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वही ओढून एकेक ‘वरीलप्रमाणे’ खोडून गाव लिहायला बसला. पुढे वर्षानुवर्षं लग्नांच्या पंगतीत, कट्ट्यावर, मी हा किस्सा मेंगाणेचं यंत्र म्हणून सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. तर ती चूक मेंगाणेची नव्हती. माझी होती, आणि त्याने मला आधी सांगितलेली होती. एवढं नोंदवून ठेवतो.

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं आणि शनिवार उजाडला. सुमन आणि तानाजीराव आले. तानाजीरावचा मोबाईल सारखा वाजत होता, बिद्रीकर घाईला आले होते. सुमन खुर्चीत बसली, हेडफोन लावले. मेंगाणेने हात लांब करून पडदा बंद केला.

“अहो, हे काय?” तानाजीराव म्हणाला. “मी कसं बघू?”

“तुम्ही बघायचं न्हाई. तुम्ही मधी बोलणार मग.”

तानाजीराव काळ्या काचेसमोर बसून राहिला. आत काय चाललंय, बहीण कुठल्या गावात आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मधूनमधून विचारी, “काय म्हणतंय गं?” ती हात वर करी. टॅब, टॅब, एंटर, एवढाच आवाज. मेंगाणे दाराच्या चौकटीला टेकून उभा. ही चहा ठेवून गेली तर त्याने साखरेचं काही विचारलं नाही.

शेवटी सुमनने हेडफोन काढले. “समदं ऐकलं दादा. एकूण एक.”

“मग?”

“मुरगूडचा मास्तर. जाधव. उत्पन्न अनियमित लिहिलंय. अपेक्षेत बाकीच्यांनी सुंदर आणि गृहकृत्यदक्ष लिहिलंय. ह्यानं लिहिलंय, ‘बोलकी असावी. आईला ऐकू येत नाही, घर फार शांत असते.’ त्याला भेटायचं मला.”

“विनाअनुदानित हाय तो.”

“मी अनुदानित हाय की. माझी नोकरी पर्मनंट.”

तानाजीराव पुष्कळ वेळ बोलला. बिद्रीचं क्वार्टर, पगार, लोक काय म्हणतील. ती ऐकत राहिली. मग तो थकला, किंवा त्याला कळलं, कोण जाणे. “ठरलं हुतं तसं करू. भेटू त्याला,” म्हणाला आणि रिक्षा बघायला खाली गेला.

खोलीत आम्ही तिघं. सुमन दाराकडे तोंड करून म्हणाली, “मेंगाणे, हायसा न्हवं?”

“हाय.”

“मी पहिल्यांदा नावावर लावलं. म पर्यंत गेले. तुमचं नाव न्हाई त्यात.”

मेंगाणे खुर्चीमागच्या वायरी गोळा करू लागला. “तक्ता करणाऱ्यानं तक्त्यात बसायचं नसतंय.”

“असा नियम हाय?”

“हाय.”

“कुणी केला?”

“मीच.”

तेवढ्यात जिन्यातून तानाजीरावची हाक आली, “सुमे, चल, रिक्षा आली.” मेंगाणेने नेहमीसारखा कोपर पुढे केला, तिने धरला आणि दोघं खाली गेली.

मी तिथेच बसलो होतो. लग्नं जमवणं हा माझा धंदा. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा, निर्व्यसनी, एकटा राहणारा माणूस माझ्यासमोर रोज येऊन बसत होता. त्याला मी तक्त्याविषयी हजार प्रश्न विचारले. तुझं लग्नाचं काय, हे एकदाही विचारलं नाही. मला सुचलंच नाही. त्याच्या वैतागात मला तो माणूस म्हणून दिसलाच नव्हता. त्या संध्याकाळी एक शब्द टाकायला अवसर होता. रिक्षा काही पळून जात नव्हती. मी कप उचलून आत नेले.

माघात सुमनचं लग्न मुरगूडला लागलं. मेंगाणे अक्षता टाकून न जेवता निघून गेला. मी त्याला विक्षिप्त म्हटलं आणि पंगतीला नेसरीचा किस्सा सांगितला.

पण त्या शनिवारी कप ठेवून मी बाहेर आलो तेव्हा मेंगाणे परत वर आला होता. माझ्या फोनवर त्याने मुरगूडचा नंबर लावला होता. माझ्याकडे पाठ होती.

“जाधव मास्तर का? वधूवर केंद्रातनं बोलतोय. न्हाई, सर न्हवं, मी तक्ता करतोय तो. तुमची माहिती तपासायची हाय. उंची पायताण काढून मोजलीसा का घालून? बरं. घर बैठं का माडीचं? माडीचं. जिना आतनं हाय का भाईरनं?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“आणि कठडा हाय का जिन्याला? एका बी बाजूला न्हाई?”

पलीकडचा माणूस गोंधळला असावा. लग्नाच्या माहितीत हे कशाला, असं विचारत असावा.

“न्हाई, तसा रकाना न्हाई आमच्यात,” मेंगाणे म्हणाला. “मी आपलं विचारतोय.”

मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, “बसवून घ्या मास्तर. लाकडाचा नको, लोखंडी बसवा. हाताला गार लागतोय. लगेच घावतोय.”